येणारी माणसे, चढणारी जमीन: न्यूझीलंडच्या अर्थव्यवस्थेचा हिशेब

दक्षिणवारा (धागाकर्ता)

न्यूझीलंडमध्ये घरांच्या किमतींचा विषय निघाला की बोट हमखास स्थलांतरितांकडे वळते. माणसे येतात, घरे कमी पडतात, भाव चढतात, असे हे सरळसोट गणित आहे आणि ते मांडणाऱ्यांत तिथे जन्मलेले जितके असतात, तितकेच काही वर्षांपूर्वी स्वतः स्थलांतर करून गेलेलेही असतात. हे गणित अगदीच खोटे नाही. पण २०२० नंतरच्या चार वर्षांत त्या देशात जे घडले त्याने ते चांगलेच अडचणीत आणले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. निव्वळ स्थलांतर, म्हणजे राहायला आलेल्यांतून कायमचे गेलेले वजा करून उरणारा आकडा, शून्याच्या आसपास उतरले आणि काही काळ त्याच्याही खाली गेले. नवे परदेशी विद्यार्थी येत नव्हते, नवे कामगार येत नव्हते. वरच्या गणितानुसार घरे स्वस्त व्हायला हवी होती. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ मध्ये देशातील विक्री झालेल्या घरांची मध्यम किंमत सुमारे ९ लाख २५ हजार न्यूझीलंड डॉलरवर पोहोचली आणि दीड वर्षातली वाढ ४० टक्क्यांच्या घरात गेली. उलट २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतराने सव्वा लाखाचा टप्पा ओलांडला, जेमतेम ५२ लाख वस्तीच्या देशातला तो विक्रम होता, आणि त्याच वर्षी घरांच्या किमती शिखरापासून सुमारे १५ टक्के खाली होत्या.

या दोन टोकांमध्ये बदलले ते पैशाचे मोल. न्यूझीलंडच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेने, मूळ व्याजदर मार्च २०२० मध्ये ०.२५ टक्क्यांवर आणला, ५० अब्जांहून अधिक डॉलरचे रोखे विकत घेतले आणि घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यावे यावर २०१३ पासून असलेली बंधने मे २०२० मध्ये उठवली. ती बंधने मार्च २०२१ मध्ये परत आली, पण तोवर आग पसरली होती. ऑक्टोबर २०२१ पासून व्याजदर वाढू लागले, मे २०२३ मध्ये ते ५.५ टक्क्यांवर गेले आणि किमती उतरल्या.

स्थलांतराचा परिणाम होतो, हे मला मान्य आहे. रिझर्व्ह बँकेच्याच २०१३ च्या एका अभ्यासात लोकसंख्येच्या १ टक्का इतकी भर स्थलांतराने पडली, तर पुढच्या तीन वर्षांत घरांच्या किमती सुमारे ८ टक्क्यांनी वाढतात असा संबंध दिसला होता. पण १ टक्का माणसे वाढल्यावर १ टक्का घरे का वाढत नाहीत आणि किंमत आठपट वेगाने का पळते, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कष्टांतला मोठा वाटा जमिनीच्या मालकाकडे जावा अशी रचना त्या देशाने फार पूर्वीपासून केलेली आहे, आणि वेळोवेळी आलेल्या सरकारांनी ती मोडण्यापेक्षा जपणेच पसंत केले आहे.

फार पूर्वीपासून म्हणतो ते शब्दशः. एडवर्ड गिबन वेकफील्ड या इंग्रज विचारवंताच्या सिद्धान्तावर न्यूझीलंड कंपनी ही वसाहती वसवणारी खासगी कंपनी उभी राहिली. वसाहतीतली जमीन पुरेशा चढ्या दराने विकावी, म्हणजे आलेला मजूर लगेच स्वतःची शेती घेऊन वेगळा होणार नाही, त्याला काही वर्षे मालकाकडे राबावे लागेल, आणि जमिनीच्या विक्रीतून आलेल्या पैशांत पुढच्या मजुरांचा जहाजप्रवास भागेल, असा हा आराखडा होता. १८४० मध्ये वेलिंग्टनची वसाहत याच पद्धतीने सुरू झाली. जमिनीचे हक्क लंडनमध्ये बसून घेणारे अनेक जण तिकडे कधी गेलेच नाहीत. भाव चढण्याची वाट पाहत राहिले. तिथल्या मूळ रहिवासी असलेल्या ज्या माओरी जमातींकडून ही जमीन घेतल्याचे कंपनी सांगत होती, त्यांतले अनेक व्यवहार पुढे चौकशीत टिकले नाहीत. म्हणजे माणसे आणणे आणि जमिनीचा भाव राखणे ही दोन कामे तिथे एकाच हिशेबवहीत लिहिली गेली होती.

१८७० मध्ये वसाहतीचे खजिनदार ज्युलियस व्होगेल यांनी परदेशी कर्ज काढून रेल्वे, रस्ते आणि स्थलांतर यांची मोठी योजना मांडली. त्या दशकात सरकारी मदतीने लाखाहून अधिक माणसे आली, रेल्वे जाईल तिथल्या जमिनी वधारल्या आणि १८८० च्या दशकात निर्यातीचे भाव पडल्यावर दीर्घ मंदी आली. कर्ज मात्र सगळ्या देशावर राहिले.

आजचे चित्र असे. देशात सर्वसाधारण भांडवली नफ्यावर कर नाही. बँकांनी दिलेल्या कर्जांपैकी जवळपास दोन तृतीयांश घरांवरचे आहे, आणि गृहकर्जाचा बहुतांश बाजार ऑस्ट्रेलियन मालकीच्या चार बँकांकडे आहे. धंद्यासाठी कर्ज मागणाऱ्या छोट्या उद्योजकाला बहुतेकदा स्वतःचे राहते घरच तारण ठेवावे लागते. १९९१ मध्ये सुमारे ७४ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. २०१८ पर्यंत तो आकडा ६४.५ टक्क्यांवर आला आणि २०२३ च्या जनगणनेत थोडा सावरून ६६ टक्के झाला. ज्या देशात बचत, कर्ज आणि राजकीय इच्छा हे तिन्ही प्रवाह जमिनीकडे वळलेले आहेत, तिथे कारखान्यात, संशोधनात, यंत्रांत पैसा कुठून येणार?

आपली मते जाणून घ्यायला आवडेल, विशेषतः तिथे राहणाऱ्यांची.


भाड्याचे घर

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण किंमत आणि भाडे या दोन गोष्टी तुम्ही एकत्र केल्या आहेत असे वाटले. मी ऑकलंडमध्ये भाड्याने राहते. घराची किंमत व्याजदरावर हलते हे खरे, पण भाडे देणारा माणूस कर्ज काढून भाडे देत नाही, पगारातून देतो. त्यामुळे माणसे अचानक वाढली की पहिला चटका भाड्याला बसतो. २०२३ मध्ये तेच झाले. किमती उतरत होत्या आणि भाडी चढत होती.

दुसरे असे, की नवीन आलेल्या माणसाला या बाजारात सर्वांत दुबळी जागा मिळते. त्याच्याकडे आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र नसते, स्थानिक पगाराच्या पावत्या नसतात, आणि बऱ्याचदा व्हिसा नोकरी देणाऱ्या एकाच मालकाशी बांधलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ऑकलंडच्या पापाकुरा भागातल्या तीन बेडरूमच्या एका घरात भारत आणि बांगलादेशातून आलेले सुमारे ४० कामगार दाटीवाटीने राहत असल्याचे उघड झाले. नोकरीसाठी त्यांनी मध्यस्थांना भरमसाट पैसे मोजले होते आणि नोकरी प्रत्यक्षात नव्हतीच. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या मान्यताप्राप्त मालकांच्या व्हिसा योजनेतून ते आले होते. घर, व्हिसा आणि मजुरी यांचा प्रश्न वेगवेगळ्या खात्यांकडे असला, तरी त्या तीन खोल्यांत तो एकच होता.

घर विकत घ्यायला निघालेल्यांचीही दमछाक पाहिली आहे. इथे बरीच घरे लिलावाने विकली जातात. बोली लावण्याआधी इमारतीची तपासणी स्वतःच्या खर्चाने करून घ्यायची, काउन्सिलकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, त्या जागेच्या नोंदींचा अहवाल विकत घ्यायचा, वकिलाला कागद दाखवायचे, आणि मग लिलावाच्या खोलीत पहिल्या दोन मिनिटांत बोली आपल्या आवाक्याबाहेर गेली की तो सगळा खर्च बुडीत. पुढच्या घरासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आधीच तीन घरे असलेल्या बोलीदाराला ही किंमत जाणवतही नाही.


नगररेषा

नगरनियोजनाच्या क्षेत्रात काम करत असल्यामुळे थोडी भर घालतो. वरच्या चर्चेत पुरवठ्याच्या बाजूचा उल्लेख अजून आलेला नाही, आणि न्यूझीलंडचा जगाला सांगण्यासारखा अनुभव नेमका तिथेच आहे.

२०१६ मध्ये ऑकलंडचा एकत्रित विकास आराखडा लागू झाला आणि शहराच्या निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमिनीवर पूर्वीपेक्षा जास्त घरे बांधायला मुभा मिळाली. त्याआधी शहराचे मोठे क्षेत्र एका भूखंडावर एक घर याच नियमाखाली होते. बदलाचा परिणाम गल्लीत उभे राहून पाहता येतो. साधारण १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १९५० च्या दशकातले लाकडी घर असते. ते पाडतातच असे नाही; कापून त्याचे दोन तुकडे करतात, रात्री रहदारी कमी असताना ट्रकवर चढवतात आणि दूरच्या एखाद्या गावी नेऊन पुन्हा जोडतात. रिकाम्या झालेल्या जागेवर सहा किंवा आठ जोडघरे उभी राहतात. दशकापूर्वी ऑकलंडमध्ये वर्षाला पाच हजारांच्या आसपास घरांना परवानगी मिळत असे, २०२२ च्या सुमारास तो आकडा २० हजारांच्या पुढे गेला. ऑकलंड विद्यापीठातील संशोधकांच्या अंदाजानुसार, हा बदल झाला नसता तर भाडी जिथे पोहोचली असती, त्यापेक्षा ती सुमारे पाव हिश्श्याने कमी राहिली. आणि हे सगळे त्या शहरात घडले, जिथल्या दर दहा रहिवाशांपैकी चार जण परदेशात जन्मलेले आहेत.

मग हे इतरत्र का होत नाही? कारण काउन्सिलला वाढ परवडत नाही. स्थानिक संस्थांचे मुख्य उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर. नव्या घरावरचा १५ टक्के वस्तू व सेवा कर केंद्राकडे जातो, आलेल्या कामगाराचा प्राप्तिकरही केंद्राकडे जातो. पाइप, रस्ता, मैला शुद्धीकरण मात्र काउन्सिलने करायचे आणि त्याचे कर्ज आहे त्या करदात्यांनी फेडायचे. वेलिंग्टन परिसरात शुद्ध केलेल्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के पाणी गळतीत जाते, असे अलीकडच्या वर्षांत समोर आले. वर्षानुवर्षे मालमत्ता कर कमी ठेवण्यासाठी पुढे ढकललेल्या दुरुस्त्यांची ती किंमत आहे. स्थानिक निवडणुकांत भाडेकरूंपेक्षा घरमालक जास्त प्रमाणात मतदान करतात, हेही लक्षात घ्यायला हवे.

२०२१ मध्ये लेबर आणि नॅशनल या दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून मोठ्या शहरांत एका भूखंडावर तीन मजल्यांपर्यंतची तीन घरे बांधायला सरसकट परवानगी देणारा कायदा केला होता. दोनच वर्षांत नॅशनल पक्षाने त्यातून अंग काढून घेतले. पुरवठ्याचे राजकारण किती ठिसूळ असते याचे दुसरे उदाहरण शोधायची गरज नाही.


कौलारू

धागा वाचला. मी स्वतः न्यूझीलंडमध्ये दोन घरे भाड्याने दिलेली आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मालमत्ताधारक म्हणजे कोणी बडा जमीनदार, असे चित्र वरच्या लिखाणातून उभे राहते. इथले बहुतेक घरमालक एक-दोन घरांचे मालक आहेत आणि त्यांनी ती का घेतली याला इतिहास आहे.

१९८७ च्या ऑक्टोबरमध्ये जगभरचे शेअर बाजार कोसळले, पण न्यूझीलंडचा बाजार इतरांपेक्षा जास्त कोसळला आणि इतर देशांसारखा लवकर सावरला नाही. अनेक कंपन्या नाहीशा झाल्या, सामान्य माणसांच्या बचती गेल्या. त्या पिढीने मुलांना एकच शिकवण दिली, की पैसा घरात घाला, घर पळून जात नाही. सरकारने किवीसेव्हर ही निवृत्ती बचत योजना सुरू केली ती २००७ मध्ये. तोपर्यंत मध्यमवर्गाने आपली म्हातारपणाची सोय स्वतःच केलेली होती. सरकारी वृद्धवेतन ६५ व्या वर्षी सर्वांना मिळते हे खरे, पण ते राहते घर कर्जमुक्त आहे असे गृहीत धरूनच बेतलेले आहे.

शिवाय गेल्या काही वर्षांत आमच्यावर नियमही कमी लादले गेले नाहीत. जुलै २०१९ पासून भाड्याच्या घरांना छत आणि जमिनीचे उष्णतारोधन सक्तीचे झाले, त्यानंतर घर उबदार राखण्याची, ओल घालवण्याची मानके आली. ती योग्यच होती, या देशातली जुनी घरे थंड आणि ओलसर असतात आणि मुलांना श्वसनाचे आजार होतात. पण खर्च आम्ही केला. आम्ही घरे विकून टाकली तर भाडेकरू कुठे जातील, याचेही उत्तर द्यायला हवे.


दक्षिणवारा (धागाकर्ता)

कौलारू, आपण मनापासून लिहिले आहे आणि १९८७ चा मुद्दा मोलाचा आहे. मूळ लेखात तो यायला हवा होता. माझा आक्षेप माणसांवर नाही. आपल्या जागी असलेला कोणताही विचारी माणूस हेच करील अशी करव्यवस्था तिथे आहे, आक्षेप तिच्यावर आहे. उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत.

एका कुटुंबाचे राहते घर आहे, त्याची किंमत वाढलेली आहे. त्या वाढीच्या जोरावर बँक त्यांना ८ लाख डॉलरचे दुसरे घर पूर्ण कर्जाने घेऊ देते, कारण तारण दोन्ही घरांचे असते. खिशातून रोख काही आणावे लागत नाही. व्याज ५ टक्के धरले तर वर्षाला ४० हजार. भाडे आठवड्याला ६०० धरले तर वर्षाचे ३१,२००. मालमत्ता कर आणि विमा मिळून ६ हजार. म्हणजे वर्षाला १४,८०० डॉलरचा तोटा. २०१९ पर्यंत हा तोटा पगारातून वजा दाखवता येत असे. ३३ टक्के कर भरणाऱ्याचे त्यात ४,८८४ डॉलर वाचत. पदरचा खर्च उरला सुमारे १० हजारांचा. आता घर वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले तर ४८ हजारांची भर पडते, आणि विकण्याच्याच हेतूने घर घेतले होते हे कर खात्याने सिद्ध केले नाही, तर त्या भरीवर कर शून्य. इतका तोट्याचा धंदा इतक्या लोकांनी आनंदाने का करावा, याचे उत्तर या शेवटच्या ओळीत आहे. भाडे हे इथे निमित्त असते, कमाई जमिनीच्या वाढीची असते.

हे बदलण्याचे प्रयत्न झाले. ऑक्टोबर २०१५ पासून घेतल्यानंतर दोन वर्षांच्या आत विकलेल्या गुंतवणुकीच्या घरावर कर आला, २०१८ मध्ये ती मुदत पाच वर्षे झाली, २०२१ मध्ये दहा. एप्रिल २०१९ पासून भाड्याचा तोटा पगारातून वजा करणे बंद झाले. ऑक्टोबर २०२१ पासून गुंतवणुकीच्या घरांच्या व्याजाची वजावट टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात झाली. २०२३ मध्ये सरकार बदलले. जुलै २०२४ मध्ये मुदत पुन्हा दोन वर्षांवर आली आणि एप्रिल २०२५ पासून व्याजाची पूर्ण वजावट परत मिळाली. दोन्ही मोठ्या पक्षांचे मतदार घरमालक आहेत. खासदारांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही दरवर्षी प्रसिद्ध होते आणि तीत सर्वच पक्षांतल्या अनेक खासदारांच्या नावे एकाहून अधिक मालमत्ता दिसतात. माजी अर्थमंत्री मायकेल कलन यांच्या अध्यक्षतेखालील कर कार्यगटाने २०१९ मध्ये भांडवली नफ्यावर कर सुचवला, तेव्हा संसदेत पुरेसा पाठिंबा नसल्याने तो गुंडाळला गेला आणि आपण नेतृत्वावर असेपर्यंत तो येणार नाही, असे तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनीच जाहीर केले.

आपण विचारता, घरे विकली तर भाडेकरू कुठे जातील. विकलेले घर नाहीसे होत नाही. त्यात कोणीतरी भाडेकरूच मालक होऊन राहायला जातो, किंवा दुसरा मालक ते भाड्याने देतो. नवे घर बांधून भाड्याने देणाऱ्याला सवलत द्यावी, जुने घर चढ्या बोलीने घेणाऱ्याला नको, एवढेच माझे म्हणणे.


ताळेबंद

चर्चा घरांवर फार रेंगाळली आहे. धाग्याचा विषय अर्थव्यवस्था आहे, म्हणून थोडे तिकडे वळतो.

२०२३ आणि २०२४ या काळात न्यूझीलंडचे एकूण उत्पन्न जेमतेम तग धरून होते, पण दरडोई उत्पन्न तिमाहीमागून तिमाही घसरत होते. माणसांची भर पडत असल्यामुळे एकूण बेरीज सावरलेली दिसे. सरकारला मथळ्यात एकूण वाढीचा आकडा हवा असतो, आणि तो मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे व्हिसा. मालकांनाही यंत्र घेण्यापेक्षा माणूस मागवणे सोपे पडते. फळबागांत २००७ पासून पॅसिफिक बेटांवरून हंगामी कामगार आणण्याची योजना आहे. बेटांवरच्या कुटुंबांना तिचा पैसा मोलाचा आहे, पण कायम मनुष्यबळावर विसंबलेल्या उद्योगाला मजुरी आणि यंत्रे सुधारण्याची घाई राहत नाही.

रिझर्व्ह बँकेतले माजी अर्थतज्ज्ञ मायकेल रेडेल यांची मांडणी याहून टोकाची आहे. न्यूझीलंड बाजारपेठांपासून फार दूर आहे आणि त्याची निर्यात दूध, मांस, लाकूड, फळे अशा निसर्गाधारित गोष्टींवर उभी आहे. माणसे वाढली म्हणून कुरणे वाढत नाहीत. येणाऱ्यांसाठी घरे, शाळा, रस्ते बांधण्यात देशाची बचत खर्ची पडते, त्यामुळे व्याजदर आणि चलनाचा दर चढा राहतो आणि निर्यात करणारे उद्योग मागे पडतात, असे ते म्हणतात. मला हे पूर्ण पटत नाही. उत्पादकता आयोगाने २०२२ मध्ये स्थलांतरावर सविस्तर अहवाल दिला, त्यात वेतनावर आणि रोजगारावर होणारा परिणाम लहान आणि बहुतांशी अनुकूलच आढळला होता. अडचण होती ती पायाभूत सुविधा मागे पडण्याची. तो आयोगच २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आला. दीर्घ पल्ल्याचा विचार करणारी संस्था बंद करून एखादा देश काय मिळवतो, हे मला अजून कळलेले नाही.

दुसरी गळती ऑस्ट्रेलियाकडे. १९७३ च्या व्यवस्थेमुळे न्यूझीलंडचे नागरिक तिथे मुक्तपणे राहू आणि काम करू शकतात, आणि जुलै २०२३ पासून चार वर्षांच्या वास्तव्यानंतर त्यांना थेट नागरिकत्व मागता येते. पगार जास्त आहेत, म्हणून परिचारिका, पोलीस, गवंडी, अभियंते जातात. त्यांची जागा भरायला भारत, फिलिपिन्स, चीन येथून माणसे येतात. २०२३ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक सुमारे २ लाख ९२ हजार होते आणि चिनी वंशाच्या लोकसंख्येपेक्षा ते प्रथमच जास्त ठरले. म्हणजे देश आपल्या खर्चाने शिकवलेली माणसे गमावतो आणि दुसऱ्या देशांच्या खर्चाने शिकलेली माणसे घेतो. जाणाऱ्या तरुणांच्या तोंडी पगाराइतकेच घराचे कारण असते.


भाड्याचे घर

ताळेबंद यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. भाडे परवडत नाही अशांना सरकार १९९३ पासून निवास पूरक भत्ता देते. त्याचा वार्षिक खर्च आता २ अब्ज डॉलरच्या आसपास आहे. हा पैसा भाडेकरूच्या हाती येतो आणि घरमालकाच्या खात्यात जातो, एकही नवे घर उभे राहत नाही. याच देशाने १९३७ मध्ये वेलिंग्टनच्या मिरामार भागात पहिले सरकारी भाड्याचे घर दिले, तेव्हा पंतप्रधान मायकेल जोसेफ सॅव्हेज यांनी स्वतः जेवणाचे टेबल उचलून त्या कुटुंबाच्या घरात नेले होते. त्यानंतर सरकारने हजारो घरे बांधली. तेवढी हिंमत आज कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात दिसत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.


कौलारू

परदेशी खरेदीदारांचे काय? ऑक्टोबर २०१८ पासून त्यांना जुनी घरे घ्यायला बंदी आहे, फक्त ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरच्या लोकांना सूट आहे. माझ्या आठवणीप्रमाणे त्या वेळी सगळा दोष त्यांनाच दिला जात होता.


दक्षिणवारा (धागाकर्ता)

बरोबर आठवते आपल्याला. बंदीपूर्वी देशभरातल्या घरविक्रीत नागरिकत्व किंवा निवासी हक्क नसलेल्यांचा वाटा सुमारे ३ टक्के होता. मध्य ऑकलंडमध्ये तो बराच जास्त होता, म्हणून तो डोळ्यांत भरला. बंदीनंतर तो नगण्य झाला आणि त्यानंतर दोन वर्षांनी प्रचंड भाववाढ झाली. ती देशातल्या लोकांनी, देशातल्या बँकांच्या कर्जावर केली. २०२५ मध्ये सरकारने गुंतवणूकदार व्हिसावर येणाऱ्यांना ५० लाख डॉलरहून महाग घर घ्यायला परवानगी देण्याचे ठरवले. सामान्यांच्या बाजारावर याचा थेट परिणाम फार होणार नाही, पण व्हिसा आणि जमीन पुन्हा एकाच सौद्यात आली आहेत, याची नोंद घ्यायला हवी.

यावर उपाय त्याच देशाच्या इतिहासात आहे. १८९१ मध्ये जॉन बॅलन्स यांच्या लिबरल सरकारने मोठ्या जमिनींवर चढत्या दराचा जमीन कर बसवला. उत्तर कँटरबरीतल्या चेव्हियट नावाच्या सुमारे ८४ हजार एकरांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी करासाठी केलेले मूल्यांकन जास्त असल्याची तक्रार केली. कायद्यात तरतूद अशी होती, की सरकारने एकतर मालक सांगेल ते मूल्य मान्य करावे किंवा त्या मूल्याला जमीन विकत घ्यावी. १८९३ मध्ये सरकारने ती विकत घेतली, तुकडे पाडले आणि लहान शेतकऱ्यांना दिली. जिथे मेंढ्या आणि मूठभर नोकर होते तिथे वर्ष-दोन वर्षांत शेकडो माणसे राहू लागली. पण तेच लिबरल सरकार १८९६ मध्ये चिनी स्थलांतरितांवरचा डोईपट्टी कर १० पौंडांवरून १०० पौंडांवर नेत होते, हेही विसरता कामा नये. जमिनीचा प्रश्न समजलेल्या लोकांनाही माणसांना दोष देण्याचा मोह आवरला नाही. तो कर १९४४ मध्ये रद्द झाला आणि त्याबद्दल सरकारने माफी मागितली २००२ मध्ये.

जमीन कर पुढे सवलतींनी पोखरला गेला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण रद्द झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये लेबर पक्षाने राहते घर आणि शेती वगळून इतर घरे आणि व्यावसायिक इमारतींच्या नफ्यावर २८ टक्के कराचे धोरण जाहीर केले आहे. ते पाऊल योग्य दिशेचे आहे, पण असा कर विकल्यावरच द्यावा लागतो, त्यामुळे न विकता धरून ठेवणाऱ्याला तो टाळता येतो. इमारत वगळून नुसत्या जमिनीच्या मूल्यावर दरवर्षी थोडा कर बसला, त्याच प्रमाणात पगारावरचा कर उतरला आणि जमलेल्या रकमेचा वाटा नव्या वस्तीच्या पाइप-रस्त्यांसाठी काउन्सिलला मिळाला, तर नगररेषा यांनी सांगितलेली अडचण बरीच सुटेल, आणि येणारा प्रत्येक माणूस काउन्सिलला ओझे न वाटता उत्पन्न वाटू लागेल.


ताळेबंद

माओरी सामूहिक जमिनींचे काय करणार? त्यांवर असा कर बसवणे म्हणजे जुन्या अन्यायात भर.


दक्षिणवारा (धागाकर्ता)

माओरी सामूहिक जमिनीला हा कर लागू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती जमीन शेकडो वारसांच्या नावे असते, सहजी विकता येत नाही, तारण ठेवून कर्जही मिळत नाही. म्हणजे बाकीच्या मालकांना ज्या भाववाढीचा लाभ होतो तो यांना होतच नाही. पूर्वी थकलेल्या मालमत्ता करापोटी अशा जमिनी हातच्या गेल्याची उदाहरणे आहेत. २०२१ मध्ये कायदा बदलून वापरात नसलेली माओरी जमीन करमुक्त झाली आणि जुनी थकबाकी माफ करण्याचा अधिकार काउन्सिलांना मिळाला. नव्या कराची आखणी त्या कायद्यापासून सुरू करावी लागेल, आणि ती करताना त्या जमातींचे प्रतिनिधी पहिल्या बैठकीपासून टेबलावर असायला हवेत.